पुढच्या एक्सलमधून येणारा आवाज कसा शोधावा : फोर-व्हील ड्राइव्ह नव्यानं घेतलेल्यांसाठी

इंदूरला लोकमान्यनगरच्या आमच्या गल्लीतून डावीकडे वळताना माझ्या जुन्या डिझेल जीपच्या पुढच्या उजव्या चाकातून ‘चुइक, चुइक’ असा आवाज यायला लागला, तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता. महिनाभरात त्या चुइकमध्ये अधूनमधून एक ‘टक्’ मिसळायला लागलं. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या पोरानं चाक धरून हलवलं आणि म्हणाला, “भिया, बेअरिंग गई.” दोन्ही बेअरिंगं बदलली, सील बदललं, पैसे दिले आणि घरी येताना त्याच वळणावर तोच आवाज.

उलगडा झाला तो जाम दरवाज्याजवळ. महूवरून मंडलेश्वरकडे जाताना विंध्याच्या कड्यावर अहिल्याबाईंनी बांधलेला तो दरवाजा लागतो, तिथून खाली निमाडात घाट उतरतो. कच्च्या वाटेनं फिरून आम्ही डांबरी रस्त्याला लागलो होतो, म्हणून उतरून पुढच्या चाकांचे हब (चाकाच्या मध्यावरची, हातानं फिरवायची कुलपं; मोकळी केली की चाक एकटंच फिरतं, आतला शाफ्ट थांबून राहतो) मोकळे केले. एरवी चिखलात उतरायला नको म्हणून मी ते वर्षभर लॉकच ठेवायचो. घाटातली सगळी वळणं एकाही आवाजाशिवाय पार पडली. खाली पोहोचून हब पुन्हा लॉक केले, पहिल्याच वळणावर चुइक हजर. हब मोकळा असो की लॉक, चाकाचं बेअरिंग फिरतंच. म्हणजे बेअरिंगचा यात काही दोष नव्हता.

त्या दिवसापासून मी आवाजाच्या मागे लागताना एकच पद्धत वापरतो : एका वेळी एकच भाग थांबवायचा आणि आवाज थांबतो का ते बघायचं. ‘कट-कट म्हणजे अमुक, घूं-घूं म्हणजे तमुक’ अशा याद्या उपयोगाच्या असतात, पण त्या फक्त संशयित दाखवतात. नवीन माणसाचे पैसे जातात ते संशयितालाच गुन्हेगार समजल्यामुळे. खालची सगळी तपासणी घरी करता येते. जॅक, दोन स्टँड, खडू, टॉर्च आणि शेजारी बसायला एक शहाणा माणूस एवढं पुरतं.

आधी गाडी धुवा

मी हे गंमत म्हणून सांगत नाही. आपली माळव्याची काळी माती ओली असताना रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळली की दगड होते. एका चाकात अशी पाव किलो माती असली तरी वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस जॉइंटवर संशय घेतो. मुरमाचा एखादा खडा ब्रेक डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये अडकला तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खरवडल्यासारखा भयंकर आवाज येतो. पत्रा पेचकसानं जरा बाहेर ओढला की खडा पडतो, काम संपलं. म्हणून प्रेशरनं आतून रिम धुवून घ्या, पत्रा कुठे घासतोय का बघा, चाकाचे नट पान्यानं तपासा. ढिल्या नटाचा आवाजही थेट जॉइंटसारखा ‘टक्-टक्’ असतो, आणि तो सगळ्यात धोकादायक.

आपल्या गाडीत कोणता जॉइंट आहे?

पुढच्या चाकाला दोन कामं करायची असतात : फिरायचं आणि वळायचं. त्यामुळे ताकद नेणारा शाफ्ट चाकाजवळ कुठेतरी वाकावा लागतो, आणि जिथे वाकतो तिथे जॉइंट.

जुन्या जीपच्या सलग एक्सलमध्ये बहुधा क्रॉस असतो : अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा, चार टोकांवर चार टोप्या, प्रत्येक टोपीत सुईसारखे बारीक रोलर. जिप्सीचा एक्सलही सलगच, पण तिच्या नकलच्या (पुढचं चाक जिथे वळतं तो सांधा) पोकळ गोळ्यात ग्रीसमध्ये बुडालेला छर्ऱ्यांचा सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसारखा वेग देणारा) जॉइंट असतो. थारसारख्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत प्रत्येक बाजूच्या शाफ्टला दोन जॉइंट, चाकाकडे बाहेरचा आणि डिफरन्शियलकडे (एक्सलच्या मधल्या, ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीकडे) आतला, दोन्हींवर घड्यांचा रबरी बूट. बाहेरच्या जॉइंटमध्ये साधारणपणे सहा छर्रे सहा खाचांतून सरकतात. ही रचना आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात काढली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

क्रॉस आणि सीव्हीमधला एक फरक नवीन माणसानं समजून घ्यायलाच हवा. क्रॉस वाकलेला असताना त्याच्या पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगानं फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा मंदावतो आणि दोनदा पळतो. ३० अंशांच्या कोनात हा वेग मूळ वेगाच्या सुमारे ०.८७ पट ते १.१५ पट असा वरखाली होतो. म्हणून क्रॉसवाल्या जीपमध्ये फोर-व्हील टाकून पूर्ण वळण घेतलं की स्टिअरिंग हातात धडधडतं. ती बिघाडाची खूण नाही. सीव्हीमध्ये मात्र अशी धडधड जाणवली तर लक्ष द्या.

बिघाड नसलेला आवाज

ज्या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये वेगळं डिफरन्शियल नाही (आपल्याकडच्या बहुतेक फोर-व्हील गाड्या अशाच), ती कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद) वळवू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, पण गाडी दोघांना सारखंच फिरवायचा हट्ट धरते. सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि टायर घसरला की ‘धाड्’ करून सुटतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ४एच टाकून बघणारे कितीतरी जण ‘एक्सल तुटला’ म्हणून घाबरतात. काही तुटलेलं नसतं. पण रोज असंच केलं तर खरंच तुटेल. २एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणा, थोडं सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो.

मैदानावरचे गोल

पहाटे दशहरा मैदान मोकळं असतं. काचा उघड्या, पंखा-रेडिओ बंद, शेजारच्या माणसाला पूर्ण गप्प बसायला सांगा. २एच, पहिला गिअर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे नेऊन अगदी किंचित मागे, आणि चालत्या माणसाच्या वेगानं दोन गोल. मग उजवीकडे दोन. मग हेच रिव्हर्समध्ये. मग मैदानाच्या मोकळ्या मातीवर ४एचमध्ये, पण स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. पूर्ण वाकलेल्या जॉइंटवर ताकद टाकली की कमजोर जॉइंट तिथेच तुटतो.

प्रत्येक गोलाच्या वेळी शेजारच्यानं कागदावर लिहायचं : दिशा, लिव्हर कुठे, आवाज आहे की नाही. आठवणीवर सोडू नका. चौथ्या गोलापर्यंत पहिला आवाज आपल्याला हवा तसा आठवायला लागतो.

डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, म्हणून डाव्या वळणावरचा आवाज आधी उजव्या बाजूला शोधा आणि उजव्या वळणावरचा डाव्या बाजूला. हा नियम बेअरिंगच्या घुमण्याला चांगला लागू पडतो. जॉइंटला बहुतेक वेळा. पक्कं उत्तर जॅकवरच मिळतं.

आवाज कुठल्या बाजूचा हे कळत नसेल तर एखाद्या लांब कम्पाउंड भिंतीला लागून हळू जा, आधी भिंत डावीकडे, मग उजवीकडे. भिंतीवर आपटून आलेला आवाज दुप्पट स्पष्ट ऐकू येतो.

खडू आणि मोजणी

या पायरीनं मला सगळ्यात जास्त वेळा वाचवलंय, आणि गॅरेजात ती कुणी केलेली मी फारशी पाहिली नाही.

टायरच्या बाजूवर खडूनं जाड रेघ मारा. कुणीतरी शेजारून हळू पळत राहील आणि रेघ खाली आली की “हं” म्हणेल, तुम्ही आवाज मोजा. जीपचा टायर एका फेऱ्यात जमिनीवर सुमारे सव्वादोन मीटर जातो. ताशी १० किलोमीटरला दहा सेकंदांत तो जेमतेम बारा फेरे मारतो. आवाज दहा सेकंदांत बारा किंवा चोवीस वेळा आला, म्हणजे चाकाच्या फेऱ्याला एक किंवा दोन, तर दोष चाकाच्या वेगानं फिरणाऱ्या भागात : एक्सल शाफ्टचा जॉइंट, हब, डिस्क. पण प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलपर्यंत ताकद आणणारा लांब शाफ्ट) चाकापेक्षा साडेतीन ते पाच पट वेगानं फिरतो, कारण मध्ये डिफरन्शियल आहे. तिथला क्रॉस वाजत असेल तर त्याच वेगाला आवाज मोजताच येणार नाही इतका भराभर येईल.

घरच्या घरी, एका खडूनं, अर्धी गाडी संशयातून बाहेर.

सीव्हीचा बाहेरचा जॉइंट मात्र एका फेऱ्यात अनेकदा ‘कट-कट-कट’ करतो, सहा छर्रे सहा झिजलेल्या खाचांतून जातात म्हणून. तिथे मोजण्यापेक्षा हे बघा की स्टिअरिंग सरळ केल्याबरोबर तो थांबतो का. थांबला तर तोच. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर देताना पुढून थरथर येते आणि पाय काढला की जाते, तर आतल्या जॉइंटकडे बघा. गाडी पुढून रिव्हर्समध्ये टाकताना एकच जाड ‘ठक्’ येत असेल तर आतला जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, त्याचा कोरडा पडलेला सरकता भाग आणि डिफरन्शियलची ढिलाई, हे चौघेही संशयित. आणि आवाज फक्त खड्ड्यांत, चाक फिरो न फिरो, तर तो जॉइंटचा नाहीच. बॉल जॉइंट, टाय रॉड, स्टॅबिलायझरची लिंक बघा.

हब आणि लिव्हर

हातानं फिरवायचे हब असतील तर तुम्ही नशीबवान. तीन अवस्था करून बघा.

हब मोकळे, २एच : चाक आणि बेअरिंग फिरतात, शाफ्ट थांबलेले. इथे आवाज राहिला तर चाकाकडे, म्हणजे बेअरिंग, ब्रेक, टायर. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं आणि स्टिअरिंग जरा डावी-उजवी केलं की तिचा सूर बदलणं, हे बेअरिंगचं लक्षण.

हब लॉक, २एच : आता शाफ्ट, डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट सगळे फिरतात, पण ताकदीशिवाय. माझा चुइक इथेच होता. वळतानाच वाजतो तर एक्सलचा क्रॉस, कारण सरळ चालताना तो वाकतच नाही, त्यामुळे त्याच्या सुयांना हालचालच नसते. सरळ जातानाही वाजतो तर प्रोपेलर शाफ्टचा, कारण तो कायमच थोडा कोनात असतो. शंका राहिली तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून २एचमध्ये एक फेरी मारा. काढण्याआधी दोन्ही टोकांवर आणि सरकत्या भागावर पंचानं खुणा करा. तो जसा होता तसाच परत बसला नाही, तर आधी नसलेली थरथर तुम्हीच तयार कराल.

हब लॉक, ४एच, मोकळ्या मातीवर : आता ताकदही येते. आवाज फक्त इथे येत असेल तर ताकदीखाली घसरणारा भाग शोधा. ‘कर्रर्र’ असा दाते घसरल्यासारखा आवाज असेल तर जॉइंट उघडण्याआधी हब तपासा. अर्धवट लागलेला हब हुबेहूब तसा वाजतो. त्यात मातीमिश्रित वाळलेलं ग्रीस असतं, साफ करून हलकं ग्रीस लावलं की अनेकदा भागतं.

हातानं फिरवायचे हब नसलेल्या गाड्यांत शाफ्ट बहुधा सतत फिरत असतात. तिथे ही सोय नाही, खडू आणि जॅकवरच भर द्या.

जॅकवर

सपाट जमीन. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक, पुढचं वर उचलून एक्सल किंवा चासी दोन स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातही घालू नका. चाकं अधांतरी असताना फोर-व्हील टाकून इंजिन चालू करून आवाज ऐकायचा मोह होतो. अजिबात नको. मागची चाकं जमिनीवर आहेत, गाडी स्टँडवरून उडी मारेल.

चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलाई) लागला तर शेजारच्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (ज्यांवर चाक डावं-उजवं वळतं ते भाग). माझ्या गाडीचं चाक त्या पोरानं हलवलं तेव्हा ब्रेक दाबायला कुणी नव्हतं, म्हणून किंगपिनचा थोडासा प्ले बेअरिंगच्या नावावर गेला. डावी-उजवी हलवताना प्ले असेल तर टाय रॉडची टोकं.

मग हब लॉक, लिव्हर २एच, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला आणि चाक हातानं अगदी सावकाश फिरवा. डोळे मिटून फिरवा. चांगला जॉइंट लोण्यातून जावा तसा जातो. झिजलेला क्रॉस ठरावीक जागी अडतो, मग ‘कट्’ करून सुटतो, आणि अर्ध्या फेऱ्यानं पुन्हा तेच. जिथे दिसतो तिथे शाफ्ट हातात धरून मागे-पुढे पिळा, दुसऱ्या हाताचं बोट टोपी आणि ती ज्यात बसते त्या शाफ्टच्या कानाच्या फटीवर ठेवा. प्ले डोळ्याला दिसण्याआधी बोटाला कळतो.

बूट असतील तर प्रत्येक घडी उघडून टॉर्चनं बघा. बाभळीच्या काट्यानं पडलेलं बारीक भोक सरळ अवस्थेत दिसत नाही, चाक पूर्ण वळवल्यावर उघडतं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फवारे असतील तर बूट फाटलाय. जिप्सीच्या नकलच्या गोळ्यावर पातळ काळं तेल ओघळत असेल, तर आतलं सील गळून डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. अशा वेळी जॉइंट बदलून सील तसंच ठेवलं तर नवा जॉइंटही त्याच वाटेनं जाईल. डिफरन्शियलची पातळीही त्याच दिवशी बघा.

उघडल्यावर काय दिसतं

माझा शाफ्ट शेवटी एका म्हाताऱ्या उस्तादांकडे उघडला. त्यांनी आधी काही ठोकलं नाही, टोपीच्या कडेला अंगठा फिरवून मला दाखवला. अंगठ्यावर कुंकवासारखी लाल भुकटी. “देखो काका, ग्रीस की जगह जंग.” टोपी निघाली तेव्हा आतल्या सुयांपैकी निम्म्या होत्या, उरलेल्यांचं पीठ झालेलं. क्रॉसच्या टोकावर सुयांच्या जागी उभ्या समांतर खाचा पडल्या होत्या, फणीनं ओढल्यासारख्या. पुढचा क्रॉस बहुतेक वेळ सरळच असतो, सुया त्याच जागी उभ्या राहून ठोके खातात आणि खाचा पाडतात. पाणी आत गेलेलं असेल तर हे फार लवकर होतं, आणि मी चोरल नदीच्या पाण्यात दोन पावसाळे गाडी घातली होती, नंतर एकदाही ग्रीस गन लावली नव्हती.

स्वतः करणार असाल तर सर्क्लिपचा (टोपी जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कडीचा) चिमटा आणि व्हाइस लागेल, सियागंजात हत्यारं मिळतात. जुना क्रॉस नमुना म्हणून दुकानात न्या आणि टोपीचा व्यास व टोकापासून टोकापर्यंतची लांबी व्हर्निअरनं जुळवून घ्या. डोळ्यांना सारखे दिसणारे क्रॉस अर्ध्या मिलिमीटरनं वेगळे असतात. टोपी दाबताना एक सुई आडवी पडली की टोपी पूर्ण बसत नाही आणि सर्क्लिपची खाच उघडी राहते. ठोकून बसवू नका, काढा, सुया ग्रीसनं चिकटवून उभ्या करा, पुन्हा दाबा. क्रॉसला साधं लिथियम ईपी ग्रीस चालतं. सीव्हीला मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीसच हवं, आणि तेही पुडीत आलेलं पूर्ण.

रस्त्यात वाजायला लागला तर

हब मोकळे करता येत असतील तर करा आणि २एचमध्ये शांतपणे घरी या. हब नसतील तर वळणं मोठी घ्या, ॲक्सिलरेटर हलका, फोर-व्हील टाकू नका. नुसता कट-कट करणारा, पण बूट शाबूत असलेला सीव्ही काही दिवस साथ देतो. सुया गेलेला क्रॉस नाही. तो तुटताना शाफ्टचा कान मोडतो आणि नकलही फोडू शकतो. मी महिनाभर चालवला, चूक होती.

‘तो शाफ्टच काढून टाका आणि चालवा’ असा सल्ला कुणीतरी देतंच. जुन्या जीपमध्ये चाकाचा हब वेगळ्या स्पिंडलवर (एक्सलच्या न फिरणाऱ्या पोकळ टोकावर) बसलेला असतो, तिथे ते शक्य आहे. पण बऱ्याच नव्या गाड्यांत सीव्हीचं बाहेरचं टोक आणि त्याचा नट हेच चाकाचं बेअरिंग आवळून धरतात. तिथे शाफ्ट काढून चालवलं तर चाकच ढिलं होईल.

नवा जॉइंट बसल्यावर त्याच मैदानावर त्याच क्रमानं तेच गोल मारा आणि जुन्या कागदाशी ताडून बघा. शंभरेक किलोमीटरनंतर सर्क्लिप खाचेत आहेत का एकदा बघा. ग्रीसची निपल असलेला क्रॉस घेतला असेल तर पाण्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी गन लावा, चारही टोप्यांच्या कडेनं नवं ग्रीस डोकावेपर्यंत.